मेणातले दात

आईला कवळी बसली आणि घरातली शीळ बंद पडली.

शीळ घालायची तिची खोड जुनीच. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, आबांवर चिडली असली तर विशेषच. सासूनं टोकलं, शेजारणींनी नाकं मुरडली, पण बाई बधली नाही. पुढं वरचे सगळे दात हलायला लागले आणि काढावे लागले, तेव्हा मुलगा म्हणाला, "काळजी कशाला? मी बसलोय ना!" डॉक्टर त्याच्याकडे तोंडाचे साचे पाठवायचे आणि हा आपल्या दुकानात कवळ्या घडवायचा. आईच्या कवळीत तर त्यानं जीव ओतला. सरळ, एकसारखे, लखलखीत दात. नव्या नवरीनं हेवा करावा असे!

आईनं आरशात पाहिलं, "छान आहेत हो," म्हणाली, आणि त्या दिवसापासून तोंडावर हात धरून बोलायला लागली. मग बोलणंच आटलं. शेवटी कवळी वाटीत पडली आणि आई नुसतं पातळ खाऊन राहू लागली.

"चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात," आबा म्हणाले. "आपल्याकडे दोन्ही आहेत, आणि बायको उपाशी! घर खायला उठलंय रे. काहीतरी कर."

मुलानं कवळी चारदा तपासली. टोचत नव्हती, हलत नव्हती. "मग घोडं अडलंय कुठं?"

"ते माझं तोंड वाटत नाही रे. जीभ आपली परक्या घरी बसावी तशी अंग चोरून बसते."

"त्या जुन्या वेड्यावाकड्या दातांचं एवढं काय कौतुक? सुटलीस म्हण!"

तो तावातावानं बोलला, कारण दुखणं त्याचंही होतं. त्याचाही वरचा एक दात शेजारच्या दातावर चढलेला. शाळेत पोरांनी त्यावरून सळो की पळो करून सोडलं होतं. तेव्हापासून गडी ओठ मिटून हसायचा, लग्नाच्या फोटोतसुद्धा. आईनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि ताटावरून उठून गेली.

ती दिवसेंदिवस वाळत चालली, तसा त्याचा ताठा उतरला. खरं तर तो घाबरला. "चल दुकानात," तो म्हणाला. "कसे हवेत ते सांग, तसे करतो."

"सांगता नाही यायचं. मला करून बघू दे."

आता आली का पंचाईत! पण त्यानं मेणात दातांची नवी ओळ बसवली, मेण मऊ करायचा दिवा आणि बारीक सुरी पुढं ठेवली. मेणातले दात हवे तसे सरकवता येतात. आबा दाराशी स्टुलावर बसले.

आईनं आरसा पालथा घातला. डोळे मिटून ती ओळीवरून अंगठा फिरवायची, एखादा दात ढकलायची, तोंडात घालून जिभेनं चाचपायची आणि शीळ घालून पाहायची. फुस्स! पुन्हा बाहेर, पुन्हा दिव्यावर.

"अगं, पुढच्या दोन दातांमधली रेघ वाकडी गेली!" मुलगा कळवळला.

"गप रे. मला ऐकू दे."

तिच्या कपाळावर घाम आला होता, पण चेहरा असा रंगला होता की त्याला पुढं बोलवेना. किती वेळानं कोण जाणे, एक बारीक, थरथरती शीळ निघाली. आबा ताडकन उभे राहिले.

मुलानं ती ओळ हातात घेतली. त्याच्या नजरेला ती नापासच होती. दात मागंपुढं, आणि एक शेजाऱ्यावर चढलेला. तो दात पाहून त्याची जीभ आपल्याच दातावर गेली.

"हा तर माझा दात आहे."

"तुझा कसला? माझाच होता, तुला दिला," आई म्हणाली. "तू जन्मल्यापासून जो तो म्हणायचा, पोरगा आईच्या तोंडावर गेलाय. मला काय गोड वाटायचं! त्या दिवशी आरशात पाहिलं, तर तू कुठंच नव्हतास."

त्याचे डोळे भरून आले आणि त्यातच हसूही फुटलं, भर दुकानात, दार उघडं असताना, तोंडभर. हात ओठांकडे निघालाच होता, तो आईनं मधेच धरला आणि दुसऱ्या हातानं त्याची हनुवटी उजेडाकडे वळवली.

"हां, अस्संच हसत राहा," ती म्हणाली. "डावीकडचा अजून जमला नाहीये."