अमेरिकन पोलिसांचा निषेध

अमेरिकेतले पोलिस कसे वागतात याची आमच्या मंडळाला फार काळजी. लंडनच्या कडेला, स्टॅनमोरपासून वॉटफर्डपर्यंत विखुरलेली आम्ही नव्वद मराठी माणसं. त्यातल्या निम्म्यांनी अमेरिका पाहिली ती डिस्नेलँडपुरती. तरीही अध्यक्ष मोहनरावांनी परिसंवाद ठरवला: ‘अमेरिकन पोलिसिंग: प्रश्न आणि आव्हाने’. परिसंवादाआधीच निषेधाचा ठराव तयार होता. मंडळाची सेक्रेटरी मी, त्यामुळे तो टाइप मीच केला.

आता आमच्या हॉलची गोष्ट ऐका. तीन आठवड्यांपूर्वी, नाटकाच्या तालमीच्या दुपारी, हॉलचा केअरटेकर झॅक मागचं दार उघडत होता. झॅकचे आजी-आजोबा जमैकाचे, तो स्वतः जन्मला इथेच. काळा माणूस आणि हातात किल्ल्यांचा जुडगा, एवढं पाहून एका सार्जंटने त्याला हटकलं. ‘मी इथे कामाला आहे,’ झॅक म्हणाला. सार्जंटने त्याला पालथा पाडून बेड्या घातल्या. आम्ही अकरा जण खाण्याचे डबे हातात धरून बघत राहिलो. कुणी तोंड उघडलं नाही. डबेसुद्धा नंतरच उघडले.

पुढे केस झाली ती झॅकवरच! म्हणे त्याने सार्जंटला कोपर मारलं. सार्जंटच्या छातीवरचा कॅमेरा नेमका तेव्हा बंद होता. मोहनरावांची गाडी मात्र त्याच क्षणी कार पार्कमध्ये शिरली होती आणि तिचा कॅमेरा चालू होता. त्यात सगळं स्वच्छ आलंय. चहा पिताना त्यांनीच आम्हाला दाखवलं. झॅकचे दोन्ही हात पाठीमागे पिरगळलेले, मारायला कोपर होतं कुठे? गुरुवारी कोर्टाची तारीख. हॉल शाळेच्या मालकीचा, तेव्हा गुन्हा शाबित झाला की बावीस वर्षांची नोकरी गेलीच.

‘मोहनराव, ती क्लिप झॅकच्या सॉलिसिटरला देऊन टाका ना,’ मी म्हणाले.

‘निवेदिता, अगं, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. आफ्टर ऑल, वी आर गेस्ट्स इन धिस कंट्री.’

‘एकोणचाळीस वर्षं राहताय तुम्ही इथे. पाहुणे कसले?’

‘आणि गणपतीच्या मिरवणुकीला रोड क्लोजर कोण देणार? तू? पोलिसांशी रिलेशन्स चांगली ठेवावी लागतात, बाई.’

एवढं बोलून त्यांनी मिठाची गुळणी धरली. मला असा संताप आला की दोन दिवस त्यांचे फोन उचलले नाहीत.

रिलेशन्स चांगली ठेवायची म्हणून त्यांनी परिसंवादाला प्रमुख पाहुणा पाठवा असं पोलिसांना कळवलं. आणि आला कोण, तर तोच सार्जंट! मोहनरावांनी ओळखलं, क्षणभर गडबडले, पण शाल-श्रीफळ आणलेलं होतं. सत्कार झाला. मांडीवर नारळ आणि खांद्यावर शाल घेऊन सार्जंट पहिल्या रांगेत बसला. मागे दाराशी झॅक उभा. त्याच्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

मोहनराव रंगात आले. ‘अमेरिकेत पोलिसांचे कॅमेरे म्हणे ऐन वेळी बंद पडतात! आणि साक्षीदार? घाबरून गप्प! कसला हा समाज!’ सभागृह हळहळलं. सार्जंटने दोन शब्द सांगितले: आमच्याकडे बंदुका नसतात, आम्ही लोकांशी बोलतो. कडाडून टाळ्या. निषेधाचा ठराव एकमताने मंजूर.

मग आभारप्रदर्शन, म्हणजे माझं काम. आमच्याकडे आभार कुणी ऐकत नाही. लोक चपला शोधत, बटाटेवड्यांचा वास घेत प्रत्येक नावाला टाळ्या वाजवतात. माइकवाल्याचे मानले, चहावाल्यांचे मानले. कागदावरची नावं संपली तरी मी माइक सोडला नाही.

‘आणि शेवटी अध्यक्ष मोहनरावांचे विशेष आभार. आपल्या केअरटेकरला, झॅकला, याच हॉलच्या दारात कसं पाडलं, ते त्यांच्या गाडीच्या कॅमेऱ्यात आलेलं आहे. ती क्लिप ते आज, आत्ता, झॅकच्या हवाली करताहेत. जोरदार टाळ्या!’

टाळ्या पडल्या. सगळ्यांत उत्साहाने सार्जंटने वाजवल्या, बिचाऱ्याला मराठी कळत नव्हतं. मग पाहुण्यांसाठी म्हणून मी तेच इंग्रजीत सांगितलं. त्याचे हात हवेतच थांबले. मोहनरावांचा चेहरा पांढराफटक. पण नव्वद माणसांनी टाळ्या दिल्या होत्या, आता नाही म्हणणार कोणत्या तोंडाने?

‘धिस इज नॉट डन, निवेदिता,’ कार पार्कमध्ये ते दातओठ खात म्हणाले आणि मेमरी कार्ड माझ्या हातात कोंबलं. मी अशी खूश होते की विचारू नका. तरातरा आत गेले आणि ते झॅकला दिलं. तो खुर्च्या रचत होता. कार्ड त्याने शर्टाच्या खिशात ठेवलं, वरून बटण लावलं. त्याचे डोळे भरून आले होते.

‘थँक्यू,’ तो म्हणाला. ‘गुरुवारी तूही येशील ना कोर्टात? तू तर माझ्यापासून चार पावलांवर उभी होतीस. कॅमेरा लांब होता, सार्जंट काय काय बोलला ते त्यात नाही. तू ते ऐकलंस.’

ऐकलं होतं. शब्द न् शब्द ऐकला होता. ब्रिटिश नागरिकत्वासाठीचा माझा अर्ज गेल्याच महिन्यात गेलाय.

‘अरे, व्हिडिओत सगळं स्वच्छ दिसतंय, झॅक,’ मी म्हणाले. ‘माझी काय गरज?’