एका सेकंदाची शेपटी

पुरुषोत्तमरावांची उभी नोकरी इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये लोकांना भूल देण्यात गेली. त्या कामात थेंबाचाही घोळ चालत नाही, तेव्हा स्वभाव टापटिपीचा, तोही समोरच्याला वैताग येईल इतका. हा माणूस मोज्यांनासुद्धा घडी घालायचा. घरच्या व्हिडिओंचं एडिटिंग हाती घेतलं, तर तिथेही तेच.

शूटिंग मात्र मधुमतीबाईंचं. कॅमेरा कायम बायकोच्या हातात, त्यामुळे त्या स्वतः कुठल्याच चित्रात नाहीत, असायचा तो नुसता आवाज. अनुया शाळेत असताना तिचा नाच संपायच्या आतच बाईंनी कॅमेरा बंद केला होता आणि पुरुषोत्तमराव चारचौघांत त्यांच्यावर डाफरले होते. बाईंनी त्याचा धसकाच घेतला. तेव्हापासून प्रत्येक शॉटच्या शेवटी विचारायच्या, "बंद करू का?" यांनी "कर" म्हटलं की मगच बटण दाबायच्या.

२००५ साली कॉम्प्युटरची डिस्क तुडुंब भरली. तासाभराच्या शूटिंगला तेरा जीबी जागा लागायची, आणि इथे तर गणपती, दिवाळ्या, गावाजवळच्या विलेन तळ्यावरच्या सहली असे पाच प्रोजेक्ट ठाण मांडून बसलेले. लग्नाला तीस वर्षं होत होती. त्यानिमित्त पाचांतल्या चांगल्या क्लिप एका नव्या प्रोजेक्टमध्ये हलवून एकच फिल्म करायची आणि बाकीचं उडवून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं.

अनुया एडिनबरात एडिटिंगचंच काम करायची. तिने फोनवर आपल्या इंग्लंडी वळणाच्या मराठीत बजावलं, "बाबा, नुसता क्लिप ड्रॅग करू नका. ओरिजिनल फाइल जुना फोल्डरमध्येच राहतो. तो डिलीट केला की नवीनमधला पण गेला. यूज केलेला भाग प्रॉपर कॉपी करा. आणि हँडल्स ठेवा, कटच्या बाहेरचा एक्स्ट्रा वन सेकंड, दोन्ही साइडला."

"ती शेपटी कशाला? उगाच जागा खाणार."

"पुढेमागे जोडायला लागतो. ठेवा ना, प्लीज."

लेकीच्या शब्दाखातर ठेवली. दिसणार नव्हतीच ती, क्लिपच्या कडेला दुमडून राहणार होती. मागे उभ्या मधुमतीबाई म्हणाल्या, "अहो, माझी बडबड तेवढी काढा बाई. लोक हसतील."

पुरुषोत्तमरावांनी ती इमानेइतबारे काढली. बाईंचा आवाज सुरू होणार, नेमकी त्याच्या आधी कात्री. मग जुने प्रोजेक्ट साफ केले. मूळ टेपांवर तर केव्हाच दुसरं काहीबाही भरून झालं होतं. डिस्क मोकळी झाली तेव्हा त्यांना कोण समाधान वाटलं होतं.

पुढच्याच वर्षी मधुमतीबाई गेल्या. आठ दिवसांचं दुखणं, एवढंच.

वर्षश्राद्धाला अनुया आली. रविवारी सकाळी चहा घेता घेता तिने ती फिल्म लावायला सांगितली. मोदक झाले, फुलबाज्या झाल्या, तळ्यावरची बदकंही येऊन गेली. सगळं कसं चकाचक.

"फिल्म छान झालाय, बाबा," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "पण आईचा आवाज कुठे आहे?"

पुरुषोत्तमरावांनी कप खाली ठेवला. वर्षभर ते जेवणाच्या टेबलाशी एकटे बसत होते, बायकोचा आवाज आठवायचा प्रयत्न करत होते, आणि तो हल्ली नीट आठवत नव्हता. आणि होता तेवढा त्यांनी आपल्या हातांनी पुसला होता. "मीच काढला गं," ते म्हणाले. "सगळा काढला." लेकीसमोर रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही.

अनुयाने त्यांचा हात धरला. मग एकदम विचारलं, "बाबा, हँडल्स ठेवलेला ना?"

तिने पहिल्या क्लिपची कड माउसने धरली आणि हळूच बाहेर ओढली. दुमडलेला एक सेकंद उलगडला. गणपतीच्या चित्रावर, अगदी कानाशी बोलावं तसा, आवाज आला. "बंद करू का?"

आवाज सुरू होणार तिथेच कात्री लावलेली, म्हणून त्या सेकंदात नेमका तोच प्रश्न अडकला होता. दुसऱ्या क्लिपमध्ये तोच. तिसरीत थंडीने कुडकुडत, चौथीत "बंद क" एवढाच. अनुया एकेक शेपटी काढून ओळीने जोडत गेली. एकंदर एकेचाळीस निघाल्या. मग तिने त्या सलग लावल्या.

बंद करू का. बंद करू का. एकदा हसत, एकदा दमून, एकदा तोंडात लाडू असताना. यांचं "कर" मात्र कुठेच नव्हतं, ते त्या सेकंदाच्या पलीकडे राहिलं होतं. पुरुषोत्तमराव खुर्ची पुढे ओढून, स्क्रीनला नाक लागेल इतके जवळ बसले होते. एकेचाळीसाव्या प्रश्नानंतर चित्र थांबलं. अनुयाचा हात सवयीने कीबोर्डकडे गेला.

"नको," ते म्हणाले, पण लेकीकडे बघून नव्हे. "नको करू बंद. राहू दे चालू."