ढिगातली भाकर

तलवाड्यात साठी ओलांडलेला कुठलाही गडी धरा आणि विचारा, वाळूतल्या जलशाला होतास का? होतो म्हणणारच. सगळ्यांचं खरं मानलं तर त्या दिवशी गोदावरीच्या पात्रात माणसं मावली नसती, काठच्या बाभळींवर चढवून बसवावी लागली असती.

बहात्तरच्या दुष्काळामागून आलेला तो उन्हाळा. नदी आटून नुसती वाळू उरलेली. खडी फोडायच्या कामावरची माणसं बायका-पोरांसकट शाहीर अर्जुनरावांच्या हाकेला त्या वाळूत जमली, आणि गावात जे तोंडातून काढायची सोय नव्हती ते ढोलकीवर म्हटलं गेलं. पाणवठा वेगळा कशाला? मालकाच्या बैलाला चारा आणि गड्याच्या पोराला उपास कशाला? बाया-बाप्ये मिसळून बसले. छबुबाई नावाची सोळा वर्षांची पोरगी डोक्यावर पदर न घेता गायली. नंतर कितीतरी महिने गावोगावच्या मालकांना नीट झोप लागली नाही म्हणतात. म्हणणारे तिथं होते का नव्हते, तो भाग वेगळा.

म्हणणाऱ्यांत सरस आमचा भारत. चहाच्या टपरीवर बसला की कपातला चहा गार होईपर्यंत सांगायचा. "चांदणं असं पडलं व्हतं, वाळू निस्ती दुधावानी. मंचाला चार गॅसबत्त्या. त्येला किडे गोळा झालेले. अन् शाहिरानं कानाला हात लावला, की सारी नदी गप!" ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. दर वेळी यायचा.

त्याच्या बायकोनं, सिंधुबाईनं, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली ती नव्या नवरीपणात, सासूच्या ओट्यावर. हातातली परात तशीच धरून ती उभी राहिली होती. कारण सिंधुबाई जलशाला होती. खरोखर होती, अकरा वर्षांची, आईबरोबर.

आणि जलसा भर दिवसा झाला होता.

जलसा म्हणजे रात्रीचा, हे शेंबडं पोरही सांगेल. पण त्या साली घरातल्या चिमणीला रॉकेल मिळत नव्हतं, गॅसबत्तीला कोण देणार? म्हणून सकाळी सुरू झाला आणि उन्हं कलल्यावर उठला. बायांनी लुगड्यांना लुगडी बांधून सावली केली होती. वाळू अशी तापलेली की सिंधू आईच्या मांडीवरून खाली उतरत नव्हती. वाटेवर एक धोतर अंथरलेलं. येणाऱ्यानं आपली भाकर त्यात टाकायची, आणि भुकेच्या वेळी हाताला येईल ती उचलायची. कुणाच्या घरची, हे विचारायचं नाही. सरकारनं परदेशातून आणलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, ढीगच्या ढीग. नागप्पा वाण्यानं गुळाची ढेप आणली, आणि बसून कुणाची तरी भाकर खाल्ली. त्याच्या भाऊबंदांनी वर्षभर त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

हे सगळं सिंधुबाईच्या पोटात होतं. बाहेर कधी काढलं नाही. काढलं असतं तर नवरा खोटा पडला असता. पुढं सासूनं, दगडाबाईनं, निवडण करता करता सांगून टाकलं. "कुटला जलसा, बये! मालकानं त्येला आदल्या दिशीच बैलं घिऊन लांबच्या मळ्यावर धाडलं व्हतं. म्हन्ला, जलशाला जो जाईल त्येनं माज्या गोठ्यात परत पाय टाकायचा न्हाई." भारत तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा सालगडी. त्याच्या एकट्याच्या सालावर घरात चार तोंडं खात होती. तो बसला बैलांपाशी. दुष्काळ होता तो माणसांना. त्या बैलांना नव्हता. पुढं तो मालक मेला, तेराव्याला बुंदीचे लाडू झाले, आणि पत्रावळ्या उचलायला बोलावलं कुणाला? भारतलाच.

म्हणून सिंधुबाई गप्प होती. एवढं एक चांदणं त्यानं स्वतःसाठी राखलं असेल तर राखू दे, असं तिला वाटायचं.

पण यंदा चुलत नातू पवन आला तो फ्लेक्सची पिशवी घेऊनच. जलशाचा सुवर्णमहोत्सव. पन्नाशी उलटून गेली होती, पण वर्गणी वेळेवर जमली नव्हती.

"आबा, तुमी गेवराईच्या हॉलात स्टेजवर बसायचं. जिवंत साक्षीदार! ती चांदण्याची गोष्ट सांगायची, गॅसबत्त्यांसकट. अन् ऐका, युसूफ वडगावहून छबुबाई येनार हायत. त्या फडातल्या त्या एकट्याच राह्यल्यात. त्यांच्या म्होरं सांगायचं!"

"येऊ दे की," भारत म्हणाला. "वळखंल मला." आणि पांढरा सदरा इस्त्रीला टाकायला निघालासुद्धा.

छबुबाई त्या उन्हात उभी राहून गायली होती. हा तिच्यासमोर चांदणं सांगणार. हॉलभर माणसं फिदीफिदी हसणार, आणि मग टपरीवरची माणसं जन्मभर हसणार. न सांगावं तर नवरा चारचौघांत उघडा पडतो. सांगावं तर तिच्याच हातानं पडतो.

कार्यक्रमाच्या सकाळी तिनं लुगडं नेसलं, डोक्यावरून पदर घेतला आणि म्हणाली, "चला, आदी नदीला जाऊ."

"आता? कावून?"

"जागा दावते तुमाला."

"मला दावती? जलशाची जागा? मला?" तो हसला. पण आला.

ॲपेनं काठाला उतरवलं. नदी कसली, खड्डेच. वाळू उपसणाऱ्यांनी विहिरीएवढी भोकं पाडलेली, तळाला हिरवं पाणी साचलेलं, पलीकडं एक हायवा ट्रक वाळू भरून चाललेला. ज्या वाळूवर माणूस माणसाशेजारी बसला ती ब्रासच्या भावानं विकून झाली होती. कुणाच्या बंगल्यात गेली, कुणाच्या कचेरीत गेली, विचारायची सोय नाही. विचारणाऱ्यावर ट्रॅक्टर घालतात.

सिंधुबाई काठावर उभी राहिली आणि तिनं हात केला. जागा आता हवेत होती. खड्ड्याच्या वर, रिकाम्या हवेत.

"तितं मंच. बैलगाडीवर फळ्या टाकल्या व्हत्या. इकडं पानी, एकच रांजन सगळ्यायला. अन् हितं, ह्या अंगाला, आई अन् मी. लुगड्याच्या सावलीला. आई सारकी म्हनायची, डोकं झाक, उन लागंल."

भारत तिच्याकडं बघत राहिला. "ऊन?"

"ऊन."

"अगं, जलसा दिवसा असतोय का कुटं?"

"त्यो व्हता. रॉकेल नव्हतं."

हायवा गेला. धुरळा बसला. भारतनं सदऱ्याची वरची गुंडी लावली, काढली, परत लावली.

"कवापासून ठावं हाय तुला?"

"लगीन झाल्यापासून."

"अन् बोलली न्हाईस?"

"तुमी सांगायचे लई झ्याक," ती म्हणाली. "माज्या जलशाचे निस्ते चटके बसायचे. तुमचा ऐकला की गार वाटायचं."

तो खाली बसला, धोंड्यावर. सिंधुबाईही बसली. मग तिच्याकडं न बघता तो बोलला.

"मी खोटं रचून न्हाई सांगत, सिंधे. मला रातच याद हाय. मळ्यावर बसलोतो. लई राग, लई रडू. मंग रातीला दोघं आले, आपल्याच वस्तीतले. चालत आलते माज्यापायी. गोठ्यात कंदील व्हता. त्येंनी म्हनून दावलं सगळं, शाहीर कसा म्हन्ला, पोरगी कशी गायली. बैलं बी कान टवकारून. भाईर चांदणं… अन् जाताना भाकर दिली. म्हन्ले, ढिगातली हाय, तुज्यासाठी आनलीय."

सिंधुबाईनं त्याचा दंड धरला. "ढिगातली?"

"आसं म्हन्ले. मला कुटं ठावं कुटला ढीग."

"आवो!" ती जवळजवळ ओरडलीच. "शाहिरानं सांगितलंतं त्ये! जलसा उठताना. म्हन्ला, ज्येला येऊ दिलं न्हाई त्येच्यासाठी भाकर न्या. ही भाकर ज्येच्या पोटात गेली त्यो जलशाला आला, मंग त्यो कुटं का असंना. मी ऐकलंय, ह्या कानानं. आईनं बी एक नेलती, बाळंतीन मावशीला."

भारत त्या हवेतल्या जागेकडं बघत बसला. मग त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. तोंडच पुसलं असं सिंधुबाईनं धरलं.

गेवराईत हायवेच्या कडेला मंगल कार्यालय होतं. वाळूतल्या जलशाचा उत्सव गार हॉलमध्ये, सोफ्यावर. फ्लेक्सवर ज्यांचे हसरे फोटो होते त्यांतल्या निम्म्यांच्या घरून तेव्हा जलशाला जाणाऱ्यांवर कुत्री सोडली होती. शाहिराचा फोटो खाली, कोपऱ्यात, जयभीमच्या अक्षरांखाली दबलेला. सिंधुबाई तिसऱ्या रांगेत बसली. भारत स्टेजवर, छबुबाईच्या शेजारी. बाईला आता जाड भिंगाचा चष्मा, हातात काठी, पण ताठ मान तीच. ती मान सिंधुबाईनं लगेच ओळखली.

पवननं माइक हातात घेतला. "आता भारतआबा सांगतील, त्या चांदण्या रातीची गोष्ट!"

"कुटली रात?" छबुबाईनं मोठ्यानं विचारलं. तिला कमी ऐकू येत होतं, म्हणून बोलणंही मोठं. "बाबा, डोस्क्यावर ऊन व्हतं! माजे पाय पोळून फोड आलते. चांदणं कुटलं?"

मागच्या रांगेतून हसू फुटलं. तिथून पुढं आलं. टपरीवरचे दोघं एकमेकांना कोपरं मारत होते, तेही आपण जलशाला होतो म्हणणारेच. सिंधुबाईनं पदराचं टोक मुठीत आवळलं.

भारत उठला.

"बाईचं बरूबर हाय," तो म्हणाला. "जलसा दिवसाच झाला. मी न्हाई गेलतो. मालकाचे बैलं राखीत व्हतो."

हसू थांबलं.

"मी गेलो न्हाई. जलसा माज्याकडं आलता. रातीला. दोघं जनं चालत आले, गोठ्यात कंदिलापशी बसून त्येंनी सगळा जलसा मला करून दावला. म्हनून मला रातच दिसती. अन् त्येंनी मला ढिगातली भाकर दिली."

छबुबाई कानामागं हात धरून ऐकत होती. काठी टेकवत ती अर्धी उठली. "कशाची व्हती रं दादा?"

"मिलोची. लाल. एका अंगानं करपल्याली."

"खाल्लीस?"

"निम्मी खाल्ली," भारत म्हणाला. "निम्मी सकाळी आईसाठी नेली."

छबुबाई हसली. दात नव्हते, तरी सगळं तोंड भरून हसली.

"मंग तुमी दोघं मायलेकरं व्हता की जलशाला!" असं म्हणून तिनं माइक ओढून घेतला आणि कुणी सांगायच्या आत गायला सुरुवात केली. आवाज चिरका झाला होता, मध्येच दम लागत होता. पदर डोक्यावरून घसरला. तिनं तो तसाच राहू दिला. हॉलभर कुणी हसलं नाही. भारत खुर्चीत बसायचं विसरून तिच्या शेजारी उभाच राहिला, पहिल्यांदा जलसा बघणाऱ्यासारखा.

परतीच्या ॲपेत दाटी होती. भारतच्या गळ्यातला हार सिंधुबाईनं काढून मांडीवर घेतला होता. समोर बसलेल्या अनोळखी बाईनं विचारलं, "काय बाबा, सत्कार बित्कार?"

"वाळूतला जलसा ठावं हाय का तुमाला?" भारत म्हणाला आणि सरसावून बसला. "लई मोटा झालता. चांदणं असं पडलं व्हतं, वाळू निस्ती दुधावानी…"

मग त्याला आठवलं, आणि त्यानं चोरट्यासारखं बायकोकडं पाहिलं.

सिंधुबाई हारातली चुरगळलेली शेवंती सरळ करत होती. मान वर न करता ती म्हणाली,

"गॅसबत्त्या राह्यल्या की तुमच्या."