रुतलेली तार

“रडणाऱ्याकडे सगळेच धावतात गं. झाड रडत नाही, म्हणून त्याच्याकडे बघायचा वार ठरवून ठेव,” असं आत्या भाचीला म्हणाली, तेव्हा भाचीला सहावा महिना लागला होता. तिनं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. वार कसला ठरवायचा? झाड बाल्कनीत, बाल्कनी स्वयंपाकघराला लागून. येता-जाता नजर पडणारच की.

आत्या म्हणजे तिच्या वडिलांची थोरली बहीण. तीस वर्षं तिनं हॉस्पिटलच्या प्लास्टर-खोलीत लोकांची मोडलेली हाडं बांधली, आणि नोकरीत असतानाच कधीतरी तिला कुंडीत बुटकी झाडं घडवण्याचा, बोन्सायचा नाद लागला. एकटा जीव, दोन खोल्या, आणि खिडकीत तिचा तो ड्रॅगन: हातभर उंचीचं जुनिपर, सुरूसारखं झाड, पिळे घेत वर चढलेलं खोड, पाठीवरची साल सोलून पांढरं काढलेलं लाकूड, ढगांसारखे हिरवे पुंजके आणि शेंड्याला शिंगांसारख्या दोन वाळक्या काटक्या. बावीस वर्षं घडवत होती ती त्याला.

भाचीला तिनंच शिकवलं. खोडाला आधी ओल्या सुती पट्ट्या गुंडाळायच्या, त्यावर तिरकी तार चढवायची, मग दोन्ही अंगठे टेकवून हळूहळू वाकवायचं. हाड असो की खोड, घाई केली की मोडतं, हे तिचं ठरलेलं वाक्य. भाचीचा पहिला ड्रॅगन बघून ती म्हणाली होती, “हे तर गांडूळ झालं. असू दे, गांडुळानंही कुणाचं वाईट केलेलं नाही.”

भाची शिकलेली, पदवीला पहिल्या वर्गात आलेली, पण काळजी या विषयात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आत्या तिला काळजीबाईच म्हणायची. बाळ झाल्यावर तर विचारू नका. ते रडलं तर का रडलं, आणि नाही रडलं तर का नाही रडलं! झोपलेल्या बाळाच्या नाकाखाली बोट धरून ती श्वास मोजायची, आणि त्यानंच ते जागं व्हायचं. झाडाला पाणी घातलं जात होतं, पण नुसतं घातलं जात होतं. आत्यालाही रोज न चुकता फोन व्हायचा. कशी आहेस म्हटलं की पलीकडून उत्तर ठरलेलं, मला काय धाड भरलीय? तेवढ्यात इकडे बाळ टाहो फोडायचं आणि फोन ठेवला जायचा.

बाळ सात महिन्यांचं झालं असताना एका सकाळी दुपटी वाळत घालताना तिचं लक्ष कुंडीकडे गेलं आणि हातातलं दुपटं हातातच राहिलं. खोड फुगलं होतं, आणि सुजलेल्या बोटात अंगठी रुतावी तशी तार सालीत रुतून बसली होती. या कामात याहून मोठी चूक नाही. वेळेवर तार न काढणाऱ्याची आत्या भर प्रदर्शनात, चार लोकांदेखत हजेरी घ्यायची.

तिनं बाळाला झोळीत घालून छातीशी बांधलं, कुंडी काखेत मारली आणि आत्याचं घर गाठलं. वाटेत सबबींची उजळणी केली. त्यातली एकही धड नव्हती.

आत्यानं कुंडी मांडीवर घेतली. नेहमीसारखी बोटं खोडावरून फिरवली. रुतलेल्या तारेवरून बोटं गेली, आणि पुढे निघून गेली.

“छान बसलंय वळण,” आत्या म्हणाली. “आता ड्रॅगन म्हणायला हरकत नाही.”

भाची टोमण्याची वाट बघत राहिली. तो आलाच नाही. क्षणभर तिला वाटलं, बाळंतीण म्हणून सांभाळून घेतेय. पण तारेच्या बाबतीत सांभाळून घेईल ती आत्या कसली? मग तिनं खिडकीत बघितलं. बावीस वर्षांच्या ड्रॅगनच्या मानेत तीन ठिकाणी तार सालीखाली गेली होती. मग आत्याच्या हातांकडे बघितलं. तर्जनीवर भाजल्याचा जुना चट्टा. अंगठ्यावर ताजा, पाणी भरलेला फोड. आणि त्याच अंगठ्यानं आत्या कुंडीची कड खुशाल दाबून धरून होती.

बाळाची काळजी ती उगाचच इतक्या वेळा करत आली होती, पण ही वेगळी होती, कारण या वेळी ती खरी होती. सरळ विचारलं असतं तर आत्यानं झटकून टाकलं असतं, हेही तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं आत्याचं बोट हातात घेतलं आणि तारेवर अलगद ठेवलं.

“आत्या, माझ्या झाडात तार रुतलीय. इथे बघ.”

आत्यानं बोट तारेवरून दोनदा फिरवलं. “कळत नाही गं,” ती म्हणाली. “चार महिने झाले. बोटं झोपल्यासारखी असतात. डोळ्यांवरही भरवसा राहिला नाही.”

“रोज फोन करत होते मी. सांगितलं का नाहीस?”

“मागे बाळ रडत असायचं की.”

भाचीनं बाळाला चटईवर सोडलं, लाकडी चमचा हातात दिला आणि पक्कड घेतली. आधी आत्याचा ड्रॅगन. आत्या शेजारी बसून सांगत राहिली: उलगडू नकोस, साल सोलवटेल. एकेक वेढा तोडून सुटा कर. पहिल्या दोन जागा सुटल्या. तिसऱ्या जागी तार बाहेर येईना, आणि भाचीचे डोळे भरून आले.

“राहू दे ती आतच,” आत्या म्हणाली. “साल तिच्यावरून वाढेल. पाच-दहा वर्षांनी लोक विचारतील, हे खवले कसे काढलेत. सांगायचं, आमची खास पद्धत आहे.”

दुसऱ्या दिवशी ती आत्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. साखर कधीपासून वाढलेली होती कोण जाणे. औषधं सुरू झाली. बोटांचं भान थोडं परत येईल किंवा येणारही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. भाचीकडे राहायला यायला आत्या तयार नाही. गरम भांडं जाड फडक्यानं धरायचं, एवढं मात्र बऱ्याच वादावादीनंतर कबूल झालं आहे. आठवड्यातून दोनदा भाची जाते, फोड बघते, झाडंही बघते.

पण या आठवड्यात बाळाला ताप आहे आणि तिचा पाय घराबाहेर पडत नाही. म्हणून ती तुम्हालाच विनवतेय. आत्याच्या घराच्या बाजूला जाणार असाल तर दुसऱ्या मजल्यावर चढा आणि ज्या दाराबाहेर रिकाम्या कुंड्यांची उतरंड आहे, त्याची बेल वाजवा. दारातूनच कशी आहेस म्हणून विचारू नका, मला काय धाड भरलीय म्हणेल. आत जा, बसा, आणि आधी तिचे हात बघा. दोन्ही.