पाण्याला लागणारा वेळ

ताईने कारखाना आधी संगणकात उभा केला. पोलादाचा खरा रिअ‍ॅक्टर, रसायनं शिजवायचं अवाढव्य भांडं, बाहेर अंगावरचा रंग वाळवत होता, तेव्हाच त्याचं सोंग तिच्या पडद्यावर तापत होतं, निवत होतं, हात चुकला तर फुटतही होतं. सिम्युलेशन ते, पडद्यावर भांडं फुटलं तर कुणाची पापणीही जळत नाही. मात्र फोडणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा, हा कंट्रोल रूमचा दंडक.

सगळ्यात जास्त चहा पाजला तो तिच्या धाकट्या भावाने. पॅनेलवरचा हा ऑपरेटर. सगळे त्याला भिंगरी म्हणत, कारण हात एका जागी ठरेल तर शपथ. पण गडी शिकला. शेवटी शेवटी तर त्याच्या हातून भांडं फुटेनासंच झालं, आणि फुकट्या चहाला चटावलेले हळहळले. खरा रिअ‍ॅक्टर उद्या सुरू व्हायचा होता. खुर्चीत भिंगरीच बसणार होता.

आज आत नुसतं गरम पाणी भरून चाचणी होती. ताई त्याच्या पाठीशी उभी होती. त्याने भांड्याभोवती फिरणाऱ्या थंड पाण्याचा व्हॉल्व्ह जरा उघडला. तापमान ढिम्म. आणखी उघडला. तरी ढिम्म. आणखी. आणि मग ते असं घसरलं की घसरतच गेलं. पाणीच तर आहे, म्हणत तो हसला. ताईने मात्र मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

सराव लवकर उरकावा म्हणून तिने पडद्यावरचं घड्याळ पळवलं होतं. तिथे पाणी सोडलं की तापमान लगेच वळे. पोलाद असं ऐकत नाही. त्याच्या कुशीत गारवा पोचायला वेळ लागतो. उद्या आत रसायन असणार. ते फार गार पडलं की गप्प बसतं, वरून येणारा माल तसाच साठत जातो, आणि जाग आली की साठवलेला सगळा राग एकदम काढतं.

ती तडक साहेबांकडे गेली आणि घड्याळाची गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली. साहेबांनी बराच वेळ कपाळ चोळलं. वर सगळ्यांना उद्याची तारीख देऊन बसलो, म्हणाले. मग म्हणाले, एक दिवस घे, शिव्या खायचाच तर मला पगार मिळतो.

दुसऱ्या दिवशी पडद्यावरचं घड्याळ खऱ्या चालीने चाललं. भिंगरी कुरकुरला, की या वेगाने माझे केस पिकतील आणि तापमान तिथंच असेल. हात शिवशिवला. व्हॉल्व्ह उघडला, पुन्हा उघडला. सगळं गार, सगळं गप्प. आणि मग भांडं फुटलं.

चहा कुणीच मागितला नाही.

"ताई," तो आपल्या हाताकडे बघत म्हणाला, "आज हे खरं असतं."

"चूक तुझ्या हाताची नाही रे. ताल मीच चुकीचा धरला."

"मग आता बरोबर धर. परत लाव."

तिने परत लावलं. पुन्हा पुन्हा लावलं.

खऱ्या दिवशी तापमान चढू लागलं. भिंगरीने व्हॉल्व्ह जरासा उघडला आणि तो हात स्वतःच्या मांडीखाली दाबून बसला. जा रे पाण्या, ताई मनात म्हणत होती, सावकाश जा, पण पोच. आकडा चढला, रेंगाळला, आणि हट्टी वासराने दावं मानावं तशी त्याने मान खाली घातली.

ताई बाहेर आली. निववणाऱ्या पाण्याचा पाइप घामेजला होता. तिने त्यावर तळवा ठेवला. पडद्यावर फुटलेल्या एकेका भांड्याचे उपकार तिला आठवले. साहेबांच्या कपाळाचे. त्या उतावळ्या हाताचेही, कारण तो घाई करताना दिसला म्हणून तर तिला तिची घाई दिसली.

पाळी संपवून भिंगरी आला. आईचा फोन आला होता.

"काय झालं विचारते. काय सांगू?"

"सांग, काही झालं नाही."

"एवढंच?"

"एवढंच," ताई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आणि जेवायला दोघं येतोय म्हणावं."