भल्या माणसाच्या घरातला गीझर

मी गीझर बोलतोय. विजेवरचा नव्हे, गॅसवरचा. बाथरूमच्या भिंतीवर तुमच्या डोक्यापेक्षा हातभर उंच टांगलेला असतो ना, तोच. एरवी घुं-घुं करण्यापलीकडे माझी मजल जात नाही. पण आज गप्प बसलो तर मला कधीच माफ करू नका.

जन्म कारखान्यातला. पत्र्याचं अंग, तांब्याची नळी आणि पोटात बर्नर. मला इथे बसवायला आलेला मिस्त्री भलताच तोंडाळ होता. भिंतीला भोकं पाडता पाडता त्याने घरमालकांना दम भरला, की काका, ही वरची खिडकी कायम उघडी राहू द्या. काकांनी मान डोलावली. खिडकीचं दार तेव्हा मोडकंच होतं, बंद होतच नव्हतं. त्यामुळे तो विषय तिथेच संपला आणि काकांच्या डोक्यातूनही गेला.

आता काकांविषयी सांगतो, आणि खरं तेच सांगतो. असा घरमालक दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. लेथ मशीनवर उभी हयात काढलेला माणूस. स्वतः वरच्या मजल्यावर राहतात, खालचं घर भाड्याने देतात. नळ ठिबकला, की चहा अर्धा टाकून पाना घेऊन हजर! भाडेकरूला दोनदा सांगायला लागलं तर त्यांनाच ओशाळल्यासारखं होतं. फक्त एक खोड. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. मिस्त्री बोलवायचं नाव काढलं की म्हणायचे, माझे हात काय मोडलेत?

गेल्या वर्षी इथे शाळेचे गणवेश शिवणारी एक बाई राहायला आली, आणि तिची चौदा वर्षांची लेक, ठकी. सहा वर्षांत चार घरं बदलून आलेल्या. एकाने पाणी तोडलं होतं, एकाने सामान रस्त्यावर काढलं होतं. काकांनी पहिल्याच दिवशी शिलाई मशीनजवळ नवा दिवा लावून दिला, तेव्हा बाईला रडूच फुटलं.

मग त्या मोडक्या खिडकीतून कबुतरं यायला लागली. बाई नुसतं हसत हसत म्हणाली होती, की पाहुण्यांनी बादलीत अंडं घालायचं तेवढं बाकी ठेवलंय. दुसऱ्या दिवशी काकांनी खिडकीवर जाड काच बसवली. चारी बाजूंच्या फटी लांबी भरून बुजवल्या. काम इतकं चोख, की मुंगी शिरणार नाही.

तेव्हापासून माझं बिनसलं. मला जळायला हवा लागते हो! ती मिळेना. माझी निळी ज्योत पिवळी पडली, काजळी धरली. आणि अशा अर्धवट जळण्यातून एक विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला आधी डोकेदुखी, मग चक्कर, मग झोप. ती झोप उतरत नाही.

काका माझी काळजी घेत नाहीत असं नाही. दर महिन्याला येतात, नळीच्या प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावतात, बुडबुडा येतो का बघतात. येत नाही. खूश होऊन म्हणतात, एक थेंब गॅस बाहेर येत नाही! अहो काका, न जळलेला गॅस शोधताय तुम्ही. जळलेल्याचं काय?

ठकीला अंघोळीला वेळ लागतो. आत गाणी म्हणते. हल्ली गाणं मध्येच थांबायला लागलं. एकदा ती दाराशीच आईला म्हणाली, "बाथरूममध्ये गेलं की डोकं गरगरतं गं. काकांना विचारायचं का?"

आई शिवता शिवता थांबली. "काय विचारणार? इतकं करतात ते आपल्यासाठी, आणि आपण कुरकुर करायची? उपाशीपोटी अंघोळ करतेस म्हणून होतं तसं. आधी दूध पीत जा."

बाईचंही चुकलं कसं म्हणू? वाईट मालकांशी ती भांडली असती. चांगल्या मालकापुढे तिची जीभ उचलेना.

परवा ठकी पडली. आतली कडी ढिली होती, म्हणून तिच्या वजनाने दार उघडलं आणि तिचं डोकं बाहेरच्या खोलीत आलं. बाहेरच्या वाऱ्यावर दहा मिनिटांत सावध झाली. डॉक्टरांना आईने उपाशीपोटी अंघोळीचं आणि अशक्तपणाचंच सांगितलं. त्यांनी गोळ्या दिल्या.

काका धावत खाली आले. म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. पोर गार पडली होती असं ऐकलं, तेव्हा त्यांनी बाथरूममध्ये उकिडवं बसून दाराखाली हात धरून पाहिला. "अगं, केवढा गार वारा येतोय इथून! मला सांगायचं नाही का?"

काल संध्याकाळी त्यांनी दाराखालच्या फटीला रबराची पट्टी ठोकली. वयात आलेली पोर आहे, म्हणून कडीही घट्ट बसवली. बाईने हात जोडले. म्हणाली, असा मालक नशिबानेच मिळतो. मी वरून बघत होतो. ओरडायला तोंड असतं तर घसा फाटेपर्यंत ओरडलो असतो.

घर भाड्याने देणाऱ्यांनो, तुमच्या मायेबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण वर्षातून एकदा जाणत्या मिस्त्रीला घरात येऊ द्या. भाडेकरूंनो, मालक देवमाणूस असला तरी डोकं दुखतं हे त्याला सांगा. आणि कुणी जवळपास असाल तर धावा, ती काच फोडा.

सकाळ झाली आहे. आज ठकीची परीक्षा. दूध पिऊन, खांद्यावर टॉवेल टाकून ती आत आली आहे. केस धुणार आहे, म्हणजे वेळ लागणार. नवी कडी एका झटक्यात लागली.

तिने नळ सोडला आहे. नळ सोडला की मला पेटावंच लागतं.