मंजुश्रीच्या कपाटाची कड

सिद्धम्मा जाऊन तीन महिने झाले, तेव्हा मलप्पानं तिचं अर्धवट राहिलेलं कपाट पुन्हा हातात घेतलं. घ्यावंच लागलं. लेक मंजुश्री बाळंतपणाला देगलूरला आली होती, ती सोमवारी उदगीरला सासरी परत जाणार होती. लग्नात कबूल केलेलं कपाट तिच्यासोबत पाठवू, असा शब्द सिद्धम्मानं व्याह्यांना दिला होता. मेलेल्या बायकोचा शब्द मलप्पाला स्वतःच्या शब्दापेक्षा जड वाटायचा.

कपाट उभं होतं, सनमायका लागला होता. राहिल्या होत्या फक्त कडा. प्लायची कापलेली कड उघडी ठेवली की थर दिसतात, ओल शिरते, म्हणून तिच्यावर पट्टी चिकटवतात. पट्टीच्या पाठीला गोंद आधीच असतो. ती कडेवर धरायची, वरून गरम इस्त्री फिरवायची, लाकडी ठोकळ्यानं दाबायची, आणि थंड झाल्यावर बाहेर आलेली बाजू कानशीनं घासून काढायची. वीस वर्षं हे काम सिद्धम्माचं, मंजुश्रीच्या अव्वाचं, होतं. ठोकळा तिनं कधी घेतला नाही, अंगठ्यानंच दाबायची. पोळून पोळून त्या अंगठ्याच्या रेषाच गेल्या होत्या. आणि पाठीमागच्या, तळाच्या, कुणाला कधी न दिसणाऱ्या कडा ती सगळ्यांत आधी करायची.

दोघांचं शेवटचं भांडण पट्टीवरूनच झालं. नांदेडच्या दुकानात तिनं नमुना बाहेर उन्हात नेऊन बघितला आणि सागवानी रंगाच्या कपाटाला गडद लाल पट्टी मागितली. मलप्पा म्हणाला, रंगाला रंग मिळाला पाहिजे, लोक हसतील.

"काठ येगळा असतो म्हणून साडी उठून दिसती," ती म्हणाली.

"कपाट हाय ते. लुगडं न्हाई."

"तुमाला काय कळतंय. जलमभर एकाच रंगाचा शर्ट घातलाव."

दुकानदार हसला. मलप्पानं सागवानी पट्टीचा रोल घेतला. परतीच्या एसटीत नायगाव येईपर्यंत ती दुसऱ्या बाकावर बसली. आठ दिवसांनी तिच्या छातीत कळ आली. लिंगायत रीतीप्रमाणे तिला समाधीत बसवताना मलप्पानं तो अंगठा मुठीत धरून ठेवला होता. लोकांनी सोडवला.

गुरुवारी सकाळी त्यानं कपाटाची दारं आधी घेतली. वेळ कमी होता. मागच्या आणि तळाच्या कडा उघड्याच राहू देत, भिंतीला लागल्यावर कोण बघतंय, असा त्यानं विचार केला. दोन्ही दारांच्या कडा झाल्यावर आपल्या सुतारकामाच्या दुकानाला कुलूप लावून तो मागच्या घरात जेवायला गेला आणि तासभर झोपला.

परत आला तर दारांच्या कडा उघड्या होत्या. पट्टी गळून पडली असती तर खाली दिसली असती. खाली काही नव्हतं. प्लायवर गोंदाचा डागसुद्धा नव्हता. त्यानं कपाट कलतं करून पाहिलं. तळाच्या चारही कडांना पट्टी लागलेली होती. इस्त्री गार होती. कड कोमट होती.

त्यानं मंजुश्रीला विचारलं. ती बाळाला पाजत होती.

"मी न्हाई, अप्पा. घासल्याचा आवाज येऊन राहिला होता. मला वाटलं तुमीच."

शुक्रवारी त्यानं दारं पुन्हा केली, आणि दुपारी पुन्हा तेच झालं. या वेळी पाठीमागच्या कडा बंद झाल्या होत्या आणि रोल संपला होता. मलप्पानं पटाशीनं एक टोक उचकटून बघितलं. आतल्या गोंदावर अंगठ्याचे ठसे होते. एकापुढं एक, कडेच्या शेवटापर्यंत. एकाही ठशात रेष नव्हती.

त्यानं ते टोक परत दाबून बसवलं. मग त्याच्या ध्यानात आलं की सागवानी पट्टी नेमकी तिथंच गेली होती जिथं ती दिसणार नाही. समोरच्या कडा तेवढ्या राहिल्या होत्या.

शनिवारी तो नांदेडला गेला. लाल पट्टीचा नमुना बाहेर उन्हात धरून बघितला आणि रोल घेतला.

रविवारी तो दुपारी झोपायला गेला नाही. ठोकळा उचलून लांब ठेवला. इस्त्री तापली. त्यानं पट्टी कडेवर धरली आणि इस्त्री वरून खाली न्यायला सुरुवात केली. मागं पट्टी आपोआप दबत येत होती, अंगठ्याएवढी, मग अंगठ्याएवढी. त्यानं मान वळवली नाही. एक दार झालं. दुसरं वीतभर राहिलं.

"तू म्हणत होतीस तेच चांगलं दिसून राहिलंय," तो म्हणाला.

मागचं दबणं थांबलं. मलप्पा वाट बघत उभा राहिला. पट्टी सैल होऊन वर यायला लागली. शेवटची वीत त्यानं स्वतःच्या अंगठ्यानं दाबली. कातडी पोळली, तरी काढला नाही.

सोमवारी टेम्पो आला. मंजुश्रीनं दाराच्या कडेवरून बोट फिरवत खालपर्यंत आणलं.

"सगळी अव्वानं केल्यावानी वाटती. शेवटचं तेवढं न्हाई. हितं दाब येगळ्याच कुणाचा तरी हाय."

मलप्पानं अंगठा मुठीत झाकला आणि दोर आवळायला टेम्पोवर चढला.

टेम्पो गेल्यावर तो दुकानात आला. प्लायचा एक तुकडा घेतला. गावातल्या दुकानातून आणलेली सागवानी पट्टी त्यानं त्याच्या फक्त समोरच्या कडेला लावली. मागची कड मुद्दाम उघडी ठेवली. कुलूप लावलं, घरात जाऊन आडवा झाला, डोळे मिटून कान दुकानाकडं लावले.

चार वाजता त्यानं दार उघडलं. पट्टी जिथं लावली होती तिथंच होती. त्यानं ती काढली, नवी कापली, आणि पुन्हा तशीच चुकीची लावली.